बाकाखालची बॅग

चार्ल्स टपर १८४३ साली एडिनबराहून एम.डी. होऊन निघाला, तेव्हा भुलीचं औषध अजून आलेलं नव्हतं. बॉस्टनमध्ये इथर देऊन पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १८४६च्या ऑक्टोबरात. एडिनबरात प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या जेम्स सिम्पसनला क्लोरोफॉर्मचा गुण कळला तो १८४७च्या नोव्हेंबरात. टपरची पिढी शस्त्रक्रिया शिकली ती जाग्या माणसावर. चौघांनी हातपाय धरून ठेवायचे आणि सर्जननं दोन-चार मिनिटांत काम उरकायचं. मध्येच ज्याचा हात अडखळला, त्याचा रुग्ण टेबलावरच जायचा. रुग्ण ‘नको, थांबा’ म्हणून ओरडत असताना थांबायचं नाही, हेच तेव्हा विद्यार्थ्याला शिकवलं जाई. त्यात क्रूरपणा आहे असं कुणाला वाटत नसे. थांबणं हाच रुग्णाचा घात होता.

या चरित्राचं हस्तलिखित वाचत असताना ते टेबल माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. लेखिकेनं प्रस्तावनेसाठी इतिहासाच्या प्राध्यापकाकडे न जाता माझ्याकडे यावं, याचं सुरुवातीला मला नवल वाटलं होतं. मी चाळीस वर्षं तालुक्याच्या गावात सर्जन म्हणून काढली. कॅनडाचं राजकारण माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. पण तिसऱ्या प्रकरणापर्यंत आलो आणि तिचं म्हणणं पटलं. टपर हा कॅनडाचा आजवरचा एकमेव डॉक्टर पंतप्रधान. शाळा, संघराज्य, रेल्वे अशी जी मोठी कामं त्यानं केली, ती त्यानं सर्जनच्या रीतीनं केली, आणि त्याच्या हातून जे वाईट झालं तेही त्याच रीतीपायी झालं, असं माझं मत आहे. लेखिका इतकं ठामपणे म्हणत नाही. मी म्हणतो.

आधी एका शब्दाबद्दल बोलायला हवं. टपर आयुष्यभर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा होता. आपल्याकडे या शब्दाचं भाषांतर ‘सनातनी’ किंवा ‘पुराणमतवादी’ असं करून टाकायची सवय आहे, आणि मग सोवळ्यातला, बदलाला घाबरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या नोव्हा स्कोशियात हा शब्द वेगळ्या अर्थानं वावरत होता. ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठा, शेजारच्या अमेरिकेसारखी झुंडशाही आपल्याकडे नको ही धास्ती, मालमत्तेला मान, आणि हे सगळं टिकवायचं तर सरकारनं स्वतः पुढे होऊन रूळ टाकावेत, बंदरं बांधावीत, जकात बसवून देशी कारखाने उभे करावेत हा विश्वास, एवढं सगळं त्या शब्दात येई. जे जपण्यासारखं आहे ते जपायचं तर बाकीचं धडाक्यानं बदलावं लागतं, अशी ती विचारसरणी होती. टपर तिच्यात शोभला, कारण जुनं जपण्यासाठी कापायला तो कचरत नसे.

जन्म २ जुलै १८२१, ॲम्हर्स्टजवळ. नोव्हा स्कोशिया हा अटलांटिकमध्ये घुसलेला भूभाग, आणि ॲम्हर्स्ट हे तो मुख्य भूमीला जिथे जोडला जातो त्या चिंचोळ्या पट्टीवरचं गाव. एका बाजूला मैलोन्‌मैल पाणथळ कुरणं, पलीकडे फंडीची खाडी. जगातली सगळ्यांत मोठी भरती-ओहोटी याच खाडीत होते, काही ठिकाणी पाणी चार-पाच मजली घराइतकं चढतं. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घरात पुस्तकं होती, पैसा नव्हता. वुल्फव्हिलच्या हॉर्टन अकादमीत शिक्षण झालं, मग विंडसरमधल्या एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी, आणि १८४० साली उसन्या पैशांवर समुद्र ओलांडून एडिनबरा.

त्या काळी एडिनबरा म्हणजे डॉक्टरांची पंढरी. इथे आपल्या बाजूचा एक धागाही जुळतो. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड हे एडिनबराचेच एम.डी. त्यांच्या हाताखालून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. टपर आणि भाऊ दाजी एका वयाचे. एकाच विद्यापीठाची शिस्त एकाकडे थेट पोचली, दुसऱ्याकडे गुरूमार्फत. दोघंही दवाखाना सांभाळून सार्वजनिक कामात उतरले. भाऊ दाजींना राज्य चालवायची संधी मिळणं शक्यच नव्हतं, कारण ते ज्या वसाहतीत होते तिथे निवडणूक नव्हती. गोऱ्या लोकांच्या वसाहतींना तोवर स्वतःची विधिमंडळं आणि जबाबदार सरकारं मिळालेली होती. टपरच्या कर्तबगारीचं कौतुक करताना हा फरक मराठी वाचकानं विसरू नये.

परत आल्यावर त्यानं ॲम्हर्स्टमध्ये दवाखाना थाटला, औषधांचं दुकान काढलं. १८४६ साली फ्रान्सिस मोर्सशी लग्न केलं. उन्हाळ्यात घोड्यावरून, हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाडीतून तो कंबरलंड परगणाभर फिरत असे. गावोगावच्या स्वयंपाकघरात बसून डॉक्टर जे ऐकतो ते कुठल्याही पुढाऱ्याच्या कानी येत नाही. कुणाची जमीन गहाण पडली, कुणाच्या पोरानं शाळा का सोडली, कोण कुणाशी बोलत नाही. मी स्वतः पंधरा वर्षं राजदूत मोटारसायकलवरून वाड्या-वस्त्या केल्या आहेत, त्यामुळे १८५५च्या निवडणुकीत काय झालं असेल हे मला पुस्तकाबाहेरही कळतं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे वयोवृद्ध पुढारी जेम्स जॉन्स्टन यांनी चौतिशीतल्या या डॉक्टरला उभं केलं, आणि त्यानं कंबरलंडमध्ये चक्क जोसेफ हाउला पाडलं. हाउ म्हणजे वसाहतीला जबाबदार सरकार मिळवून देणारा पत्रकार, नोव्हा स्कोशियाचा लाडका वक्ता. पुढची चौदा वर्षं हे दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

मे १८६४मध्ये टपर प्रांताचा मुख्यमंत्री झाला, आणि त्याच वर्षी त्यानं मोफत शाळांचा कायदा आणला. तोवर ज्याच्या खिशात पैसा त्याचं पोर शिके. नुसत्या देणग्यांवर शाळा चालत नाहीत हे दिसताच, पुढच्या वर्षी त्यानं शाळांसाठी सक्तीचा कर बसवला. लोक भडकले. आपल्या मुलाच्या शाळेला पैसे द्यायलाही जिथे कुरकुर, तिथे शेजाऱ्याच्या मुलासाठी कर का भरायचा? ज्यांना मुलंबाळं नव्हती त्यांचा संताप तर विचारूच नका. टपरला ठाऊक होतं की याची किंमत मतपेटीत मोजावी लागणार, आणि ती त्यानं मोजली. पण कर मागे घेतला नाही. कॅथलिकांनी स्वतंत्र शाळा मागितल्या. त्या त्यानं दिल्या नाहीत, मात्र शिक्षण मंडळाचा कारभार मंत्रिमंडळाच्या हाती ठेवून त्यांना त्यात आवाज राहील अशी सोय केली. मला या माणसाचं सगळ्यांत मोठं काम हेच वाटतं. रेल्वे त्यानं नसती केली तर दुसऱ्या कुणी केली असती. स्वतःचं सरकार पणाला लावून गरिबाच्या पोराला शाळेत बसवणारा पुढारी कोणत्याही देशात विरळाच.

आणि इथूनच गोष्ट अवघड होते. त्याच १८६४च्या सप्टेंबरात शार्लटटाउनला आणि ऑक्टोबरात क्वेबेकला परिषदा झाल्या, आणि ब्रिटिश उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींचं एक संघराज्य करायचं ठरलं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. ते संपल्यावर मोकळ्या झालेल्या फौजा उत्तरेकडे वळतील ही भीती खोटी नव्हती. टपर या कल्पनेनं भारून गेला. पण नोव्हा स्कोशियाचे लोक समुद्राकडे तोंड करून जगणारे. त्यांचा व्यापार लंडनशी, बॉस्टनशी, वेस्ट इंडीजशी. दूर आतल्या ओटावाशी त्यांना काय देणंघेणं? हाउनं वर्तमानपत्रांतून झोड उठवली. लोकांना विचारा, निवडणूक घ्या, ही मागणी सगळीकडून होऊ लागली.

टपरनं निवडणूक घेतली नाही. विधिमंडळात आपल्याकडे बहुमत आहे, आपल्याला कळतंय काय करायला हवं, उशीर झाला तर संधी जाईल, असा त्याचा हिशेब. एप्रिल १८६६मध्ये त्यानं ठराव ३१ विरुद्ध १९ मतांनी मंजूर करून घेतला आणि लंडन गाठलं. १ जुलै १८६७ रोजी कॅनडा जन्माला आला. रुग्णाच्या ‘नको’कडे कान बंद करून हात चालवायला शिकलेला सर्जन मला इथे स्पष्ट दिसतो.

माझी एक आठवण इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे सत्तरीची एक शेतकरी बाई आली. साखर वाढलेली, डाव्या पायाचं मधलं बोट कोळशासारखं काळं पडलेलं, वास येत होता. बोट काढलं नाही तर पाय जाणार, पाय नाही काढला तर ती जाणार, यात शंकेला जागाच नव्हती. मी तिच्या थोरल्या मुलाची कागदावर सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट काढलं. जखम छान भरत होती. चौथ्या दिवशी मी स्वतः ड्रेसिंग बदलत होतो. ती पायाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “डाक्टर, बोट माजं हुतं. मला इचारायचं तरी.” आवाजात राग नव्हता. ती बरी होऊन चालत घरी गेली. मी बरोबर निर्णय घेतला होता आणि तरीही माझं चुकलं होतं. तिच्या त्या एका वाक्यानंतर मी सही रुग्णाच्या हातचीच घेऊ लागलो, अंगठा असेल तर अंगठा, पण समोर बसून सगळं समजावून झाल्यावर.

नोव्हा स्कोशियानं टपरला हेच ऐकवलं, फक्त रागानं. सप्टेंबर १८६७मध्ये केंद्रीय संसदेची पहिली निवडणूक झाली तेव्हा प्रांताच्या १९ जागांपैकी १८ संघराज्याच्या विरोधकांनी जिंकल्या. एकोणिसावी एकट्या टपरची. प्रांतिक विधिमंडळात ३८ पैकी ३६ जागा विरोधकांकडे गेल्या. बोट काढल्यानं जीव वाचला की नाही हा वाद वेगळा. आम्हाला विचारलं नाही, ही तक्रार कितीतरी पिढ्या त्या किनाऱ्यावर टिकून राहिली.

आता मला टपरच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण शस्त्रक्रिया झाल्यावर पाठ फिरवून जाणाऱ्यांतला तो नव्हता. पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात त्याची जागा पक्की होती. एका आयरिश कॅथलिक सहकाऱ्याला घेता यावं म्हणून ती त्यानं आपण होऊन सोडली. १८६८ साली हाउ संघराज्यातून नोव्हा स्कोशियाला बाहेर काढण्याची मागणी घेऊन लंडनला गेला. पंतप्रधान जॉन मॅकडोनल्डनं त्याला तोंड द्यायला टपरला पाठवलं. टपर लंडनला उतरला आणि हाउलाच जाऊन भेटला. तेरा वर्षांचे वैरी त्या परक्या शहरात समोरासमोर बसून बोलले. ब्रिटिश सरकार मागणी मान्य करणार नाही हे उघड होतं. मग उरतं काय, तर प्रांतासाठी जास्तीत जास्त पदरात पाडून घेणं. पुढे नोव्हा स्कोशियाला दहा वर्षं जादा अनुदान मिळालं आणि १८६९च्या जानेवारीत हाउ मॅकडोनल्डच्या मंत्रिमंडळात गेला. लंडनच्या या भेटीवरची पानं वाचकानं घाईनं उलटू नयेत अशी माझी विनंती आहे.

या सगळ्या धामधुमीत दवाखाना सुटला नव्हता. १८५९च्या सुमारास तो हॅलिफॅक्सला आला, शहराचा वैद्यकीय अधिकारी झाला. ऑक्टोबर १८६७मध्ये क्वेबेक शहरात देशभरचे डॉक्टर जमले आणि त्यांनी कॅनेडियन मेडिकल असोसिएशन स्थापन केली. पहिला अध्यक्ष टपर, आणि १८७०पर्यंत तोच. १८६७ सालीच जोसेफ लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख प्रसिद्ध झाले. भूल आली, निर्जंतुकता आली, सर्जनला घाई करायचं कारण उरलं नाही. टपरचा स्वभाव मात्र तोवर घडून गेलेला होता. १८७३ साली रेल्वेच्या कंत्राटातल्या लाचेवरून मॅकडोनल्डचं सरकार पडलं, तेव्हा तो ओटावात आणि पुढे टोरांटोत पुन्हा रुग्ण तपासू लागला. संसदेत तो आपली डॉक्टरी बॅग बाकाखाली ठेवत असे, असं सांगतात. सभागृहात कुणाला काही झालंच तर हाताशी असावी म्हणून.

डिसेंबर १८६९चा प्रसंग मला फार आवडतो. पश्चिमेकडचा रेड रिव्हरचा मुलूख कॅनडानं तिथल्या लोकांना न विचारता विकत घेतला. मूळ रहिवासी आणि फ्रेंच यांच्या मिश्र वंशातले मेती लोक लुई रिएलच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी नव्या राज्यपालाला सीमेवरच अडवलं. त्या राज्यपालाबरोबर निघालेल्यांत टपरची मुलगी एमा आणि तिचा नवरा कॅप्टन कॅमेरॉन होते. जावयाचं सामान जप्त झालं. टपरनं बातमी ऐकली आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघाला. रेल्वे संपली तिथून पुढे घसरगाडी, हाडं गोठवणारी थंडी, मैलोन्‌मैल उघडं माळरान. सीमेवरच्या पेम्बिनात मुलगी भेटली. तेवढ्यावर न थांबता तो फोर्ट गॅरीला, खुद्द रिएलच्या ठाण्यात गेला, त्याच्याशी बोलला आणि मुलीचं सामान मिळवलं. बंडखोर म्हणून ज्याची ओटावात संभावना होत होती, त्या पंचविशीतल्या तरुणाशी टपर माणसासारखा वागला, आणि तोही टपरशी. समोर बसून बोलायची वेळ आली की टपरला ऐकता येत असे, याचा हा दुसरा पुरावा. त्याचं ऐकणं तुटे ते माणसं दूर असली की.

रेल्वेच्या प्रकरणात हे दूरपण अंगावर येतं. मॅकडोनल्ड पुन्हा सत्तेवर आल्यावर १८७९ ते १८८४ तो रेल्वे आणि कालव्यांचा मंत्री होता. कॅनेडियन पॅसिफिकला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन देणारा करार त्यानं संसदेत लढवून मंजूर करून घेतला. कंपनी बुडायला आली तेव्हा सव्वादोन कोटींचं कर्ज मिळवून दिलं. एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत रूळ गेले, ही गोष्ट साधी नाही. पण ब्रिटिश कोलंबियाच्या कड्याकपारींत ते रूळ टाकले हजारो चिनी मजुरांनी, गोऱ्या मजुरापेक्षा कमी मजुरीवर. सुरुंगांत, दरडींखाली ते मेले. स्कर्व्हीनंही मेले. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. लिंबाच्या रसानं तो टळतो हे ब्रिटिश आरमाराला शतकाच्या आरंभापासून माहीत होतं. खात्याचा मंत्री एडिनबराचा एम.डी. होता. काम संपत आल्यावर १८८५ साली चिनी माणसाला देशात पाय ठेवायला ५० डॉलरची पट्टी बसली. टपर तेव्हा लंडनला कॅनडाचा उच्चायुक्त होता, पण सरकार त्याच्याच पक्षाचं. आणि १८८३ साली ज्या मंत्रिमंडळानं मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून दूरच्या निवासी शाळांत ठेवायचं धोरण पत्करलं, त्यात टपर बसलेला होता. गरिबाच्या मुलासाठी शाळा उघडणाऱ्या माणसाला या मुलांच्या आयांचं म्हणणं ऐकायला हवं असं वाटलं नाही. लेखिकेनं हे प्रकरण झाकलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पंतप्रधानपद त्याच्याकडे आलं ते फार उशिरा. पक्षातल्या भांडणांनी मॅकेन्झी बोवेलचं सरकार मोडकळीला आलं, आणि १ मे १८९६ रोजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी टपर पंतप्रधान झाला. संसद आधीच विसर्जित झालेली. मॅनिटोबा प्रांतातल्या कॅथलिक शाळांचे हक्क परत द्यावेत या बाजूनं तो लढला. निवडणुकीत त्याच्या पक्षाला मतं जास्त पडली, जागा लॉरिएच्या लिबरल पक्षाला. ८ जुलैला त्यानं राजीनामा दिला. सत्तर दिवसही भरले नाहीत. कॅनडाच्या इतिहासात इतकी छोटी कारकीर्द दुसरी नाही, आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत टपर उरला आहे तो एवढ्यापुरता.

शेवटची वर्षं त्यानं इंग्लंडमध्ये काढली, बेक्सलीहीथला, त्याच एमाच्या घरी, जिच्यासाठी तो बर्फातून धावला होता. फ्रान्सिस १९१२ साली गेली. पासष्ट वर्षांचा संसार. १९१४ साली त्याच्या आठवणींचं पुस्तक निघालं. ३० ऑक्टोबर १९१५ रोजी चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला. संघराज्याच्या जनकांपैकी तो शेवटचा. महायुद्ध चालू असतानाही त्याचा देह जहाजानं अटलांटिकपार हॅलिफॅक्सला नेला. १९ पैकी १८ जागांनी ज्याला नाकारलं होतं त्याच्या अंत्ययात्रेला नोव्हा स्कोशियाच्या राजधानीतले रस्ते माणसांनी भरले, आणि सेंट जॉन्स दफनभूमीत फ्रान्सिसशेजारी त्याला ठेवलं.